संगणकाच्या घड्याळाला चावी कोणी द्यायची?

उन्हाळ्याची सुटी संपून जूनच्या मध्यास शाळा उघडल्या, की फळे पुसले जातात, हजेरीपट आखले जातात आणि संगणक-कक्षाचे कुलूप निघते. जिथे संगणक जुने आहेत, तिथे यापुढचा प्रकार शिक्षकांच्या चांगला ओळखीचा आहे. बटण दाबले की यंत्र सुरू होते, काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-चार ओळी उमटतात, अमुक कळ दाबा अशी सूचना येते आणि यंत्र तिथेच अडून बसते. कळ दाबून पुढे गेलेच, तर कोपऱ्यातील तारीख दहा-पंधरा वर्षांपूर्वीची निघते. चार दिवस हा खटाटोप चालतो. मग ‘संगणक नादुरुस्त’ अशी नोंद होते आणि यंत्रावर पुन्हा कापड पडते.

हजारो रुपयांचे यंत्र असे निकामी ठरते, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पोटात बिघडलेला असतो तो केवळ रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल. बाजारात तो तीस-चाळीस रुपयांना मिळतो. हा सेल वाचावा म्हणून जाणकार मंडळी एक सल्ला देतात: संगणक बंद केला तरी त्याची पिन भिंतीतच असू द्यावी, भिंतीवरचे बटणही चालू ठेवावे. या सल्ल्यात तथ्य आहे. पण चोवीस तास वीज गृहीत धरून दिलेला हा सल्ला बीड जिल्ह्यातील शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावी जसाच्या तसा लागू करता येईल काय, आणि करावा काय, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याच्या पोटात दुसरा, अधिक मोठा प्रश्न दडलेला आहे. तो म्हणजे सार्वजनिक पैशाने घेतलेल्या वस्तूची निगा राखणे हे नेमके कोणाचे काम?

सेलचे काम

संगणकाच्या मुख्य फळीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक घड्याळ असते. गारगोटीच्या जातीच्या क्वार्ट्झ स्फटिकाची एक बारीक पट्टी त्यात सेकंदाला 32,768 वेळा कंप पावते. ही संख्या सहज म्हणून निवडलेली नाही. ती पंधरा वेळा निम्मी करीत गेले की बरोबर एक उरतो, आणि तोच एक सेकंद. संगणक बंद असताना हे घड्याळ चालू राहावे आणि यंत्राच्या रचनेविषयीच्या काही नोंदी शाबूत राहाव्यात, यासाठी तो सेल. 1981 साली बाजारात आलेल्या आय.बी.एम.च्या पहिल्या वैयक्तिक संगणकात असे घड्याळ नव्हते. यंत्र सुरू केले की तारीख आणि वेळ हाताने भरावी लागे. 1984 च्या ‘ए.टी.’ या संगणकात प्रथम सेलवर चालणारे घड्याळ मूळ रचनेतच आले आणि पुढे तीच रीत रूढ झाली.

आज सर्वत्र दिसणाऱ्या सेलचे नाव सी.आर. 2032. वीस मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी, असा या आकड्यांचा अर्थ. तो तीन व्होल्टचा, लिथियमचा असतो आणि पुन्हा भारित करता येत नाही. त्याची साठवण सुमारे 220 मिलिअँपिअर-तास असते. घड्याळाची भूक अगदीच अल्प, एका अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार-पाच भाग. पाच भाग धरले तर भागाकार 44,000 तासांचा येतो, म्हणजे संगणक एकदाही विजेला न जोडता सुमारे पाच वर्षे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणाऱ्या खोलीत सेल आपोआपही थोडा अधिक झिजतो. तेव्हा तीन-चार वर्षांचा हिशेब धरणे शहाणपणाचे.

सल्ल्यातील तथ्य

आता पिन भिंतीत ठेवल्याने काय साधते ते पाहू. 1995 नंतर ‘ए.टी.एक्स.’ नावाची रचना आली, तेव्हापासून संगणकाचे समोरचे बटण वीज पूर्णपणे तोडीत नाही. यंत्र झोपी जाते, पण भिंतीतून येणारी थोडीशी वीज मदरबोर्डपर्यंत पोहोचत राहते. ही वीज असेपर्यंत घड्याळ तिच्यावर चालते आणि सेलला हात लागत नाही. भिंतीवरचे बटण बंद झाले किंवा वीज गेली, की भार सेलवर येतो. दिवसातले बारा तास जरी वीज मिळाली, तरी सेलचा खर्च निम्म्यावर येतो, असा हा सरळ हिशेब आहे. सतत जोडलेल्या संगणकात सेल आठ-दहा वर्षेही टिकतो, यात म्हणूनच नवल नाही.

या सल्ल्याला मर्यादाही आहेत. ‘ए.टी.एक्स.’पूर्वीच्या यंत्रांत बटण खरोखरच वीज तोडीत असे. तिथे पिन लावून ठेवण्याचा काही उपयोग नव्हता. त्यांतील बऱ्याच यंत्रांत मदरबोर्डवर डकवलेला, भारित होणारा निकेल-कॅडमियमचा सेल असे. तो यंत्र चालू असतानाच भरे. आणि वर्षानुवर्षे पडून राहिला की फुटून त्यातील क्षार मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकी. त्या पिढीचे संगणक आज बहुतेक भंगारात गेले आहेत. पण एका यंत्रास लागू पडणारा नियम दुसऱ्यास लावू नये, एवढा धडा ते मागे ठेवून गेले.

आजही तीच गल्लत होते, कारण एकाच टेबलावर तीन प्रकारच्या बॅटऱ्या नांदत असतात. टेबलाखालच्या यू.पी.एस.मधील बॅटरी शिशाची. ती रिकामी पडून राहिली तर आतून गंधकाच्या क्षाराने धरते आणि मरते. तिला नियमाने वीज पाजलीच पाहिजे. लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी याच्या उलट. ती सदैव काठोकाठ भरलेली आणि तापलेली राहिली की लवकर थकते. आणि मदरबोर्डवरचा बटणसेल तिसऱ्याच स्वभावाचा. तो भरता येत नाही, नुसता वाचवता येतो किंवा बदलता येतो. ‘बॅटरी आहे, तर जोडून ठेवा’ असा सरधोपट उपदेश या तिघींपैकी पहिलीलाच पुरता लागू पडतो.

तारीख चुकली तर काय होते?

घड्याळ मागे पडले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तर फार तर तास चुकतो. संगणकाचे घड्याळ चुकले तर यंत्राचा जगाशी व्यवहारच थांबतो. आज प्रत्येक सरकारी संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र पुढे करते आणि त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. ज्या संगणकाच्या मते आज 2009 साल आहे, त्याच्या दृष्टीने चालू वर्षी दिलेले प्रमाणपत्र अद्याप सुरूच झालेले नसते. मग तो संकेतस्थळ उघडण्यास नकार देतो. समोर बसलेला कारकून ‘नेट नाही’ म्हणून हळहळतो, तारा हलवून पाहतो, कंपनीला दूरध्वनी करतो. दोष असतो तारखेत आणि शोध चालतो तारांत, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होते, हा भरवसाही पुरता खरा नाही. विंडोजच्या मूळ रचनेत एकट्या संगणकाचे घड्याळ पंधरा तासांहून अधिक चुकलेले असेल, तर ही आपोआप दुरुस्ती होत नाही. कोणीतरी ती हाताने करावी लागते. शिवाय सेल संपल्यावर यंत्राच्या रचनेच्या नोंदी पुसल्या गेल्या, तर काही जुन्या संगणकांना आपली हार्ड डिस्क कशी वाचावी हेच उमजेनासे होते आणि ते सुरूच होत नाहीत. असा संगणक ‘मेला’ असे समजले जाते. वास्तविक तो फक्त विसरलेला असतो.

शिरूर कासार हा सिंदफणेच्या खोऱ्यातील, पावसाच्या भरवशावर जगणारा आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे धाडणारा तालुका. आईबाप साखर कारखान्यांच्या फडांवर आणि मुले गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात, हे चित्र तेथे नवे नाही. अशा घरातील मुलाच्या वाट्याला येणारा मोठ्या पडद्याचा संगणक बहुधा शाळेतला, टंकलेखनाच्या वर्गातला किंवा सेवा केंद्रातला. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, प्रवेशाची यादी, सगळे आता याच खिडकीतून मिळते आणि प्रत्येकाला मुदत असते. शहरातील विद्यार्थ्याला एक यंत्र बंद असले तर दुसरे मिळते. येथे एक यंत्र आठ दिवस बंद राहणे म्हणजे कोणाची तरी मुदत टळणे असू शकते. तीस रुपयांच्या सेलचे मोल दुकानातल्या किमतीवर नव्हे, या मुदतीवर ठरवायला हवे.

कार्यालयांच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. मागे पडलेल्या तारखेवर काम रेटले, तर पावत्या, पत्रे आणि हिशेबाच्या नोंदी त्या चुकीच्या तारखेनेच साठवल्या जातात. पुढे लेखापरीक्षणात एखादी पावती आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या आधीची निघाली, की खुलासा देत बसावे लागते. ज्याने ती टंकलिखित केली त्याच्याकडे बोट दाखविले जाते. ज्या सेलने दगा दिला, त्याची साक्ष कोणी काढीत नाही.

वीज, वळीव आणि हिशेब

मग पिन कायमची भिंतीत ठेवावी, हे उत्तर सोपे नाही काय? सोपे आहे, पण स्वस्त नाही आणि सुरक्षितही नाही. झोपी गेलेला जुना संगणक दोन ते पाच वॅट वीज घेत राहतो. तीन वॅट धरले तर वर्षाला एका यंत्रामागे 26 युनिटे होतात. दहा संगणकांच्या कक्षात 260 युनिटे. युनिटला आठ रुपये धरले, तर वर्षाचा खर्च दोन हजारांवर आणि चार वर्षांचा आठ हजारांवर जातो. त्याच दहा संगणकांचे सेल चार वर्षांतून एकदा बदलले, तर खर्च तीन-चारशे रुपये. सेल वाचविण्यासाठी वीज जाळणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! यंत्र दिवसभर वापरात असेल तर रात्रीपुरते बटण चालू राहिल्याने आकाश कोसळत नाही, हे खरे. पण दीड महिन्याच्या सुटीत बंद खोलीतील दहा यंत्रे केवळ सेलसाठी विजेवर ठेवणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा आकाशातील विजेचा. मे-जूनचा वळीव आणि परतीचा पाऊस मराठवाड्यात गडगडाट घेऊनच येतो. वीज जवळपास पडली की तारांतून येणारा दाब पिनेतून यंत्रात शिरतो. भिंतीवरचे बटण बंद करूनही भागत नाही, कारण ते एकच तार तोडते. पिन बाहेर काढणे हाच खरा बचाव. ‘सुटीत पिना काढून ठेवा’ असे बजावणारे मुख्याध्यापक किंवा सायंकाळी सगळी बटणे बंद करून जाणारा शिपाई हे सेलचे शत्रू नव्हेत. ते अधिक मोठ्या हानीपासून यंत्राला वाचवीत असतात.

तिसरा मुद्दा वीजपुरवठ्याच्या बेभरवशाचा. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाचे दीर्घ तास सोसले. ज्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे, त्याच जिल्ह्यात 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले. वीजनिर्मितीचा धूर पाहणाऱ्यांना विजेची शाश्वती नसावी, हा विरोधाभास बीडकरांना कोणी शिकवायला नको. परिस्थिती त्यानंतर पुष्कळ सुधारली. तरीही वादळात खांब कोसळणे आणि रोहित्र जळून दिवसच्या दिवस अंधार होणे संपलेले नाही. आणि दुरुस्त होऊन परत येणारी वीज कमीजास्त दाबाने येते, तेव्हा जोडून ठेवलेले यंत्रच प्रथम तिच्या तडाख्यात सापडते.

2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा याची मोठीच परीक्षा झाली. कित्येक महिने कुलूपबंद राहिलेल्या खोल्यांत पिना काढलेली यंत्रे पडून होती आणि त्यांचे सेल आपला शिल्लक साठा गुपचूप संपवीत होते. आधीच जुन्या झालेल्या सेलना तेवढा काळ पुरेसा होता.

चावी देणारा माणूस

मूळ प्रश्न मग उरतोच. जुन्या शाळांत लंबकाचे घड्याळ असे. त्याला आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागे आणि ती कोणी द्यायची हे ठरलेले असे. शिपाई सोमवारी स्टुलावर चढे, चावी देई, वेळ लावी. घड्याळ थांबले तर जाब कोणाला विचारायचा हे साऱ्या शाळेला ठाऊक असे. संगणकाच्या घड्याळाला चावी द्यावी लागते ती चार वर्षांतून एकदा, आणि म्हणूनच ती द्यायची हे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही. इतक्या लांबच्या पल्ल्याची कामे आपल्याकडे अशीच निसटतात. रोजचे काम सवयीने होते, वर्षाचे काम सणावाराने लक्षात राहते. चार वर्षांनी येणारे काम मात्र तोवर बदलून गेलेल्या माणसाबरोबर निघून जाते.

योजनांची रचनाही त्याला हातभार लावते. केंद्र शासनाने 2004 साली शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची योजना सुरू केली. महाराष्ट्रात पुढे ठेकेदाराने कक्ष उभारावा, काही वर्षे चालवावा आणि मग शाळेच्या स्वाधीन करावा, अशी पद्धत अवलंबिली गेली. या पद्धतीत कराराच्या काळात निगा राखणारा कोणीतरी असतो. अडचण येते ती करार संपल्यावर. यंत्रे शाळेची होतात, पण ती वापरण्याचे, उघडण्याचे, दुरुस्त करण्याचे ज्ञान बरोबर येतेच असे नाही. खरेदीला समारंभ असतो, फीत असते, छायाचित्र असते. देखभालीला यातले काहीच नसते. जडवस्तू नोंदवहीत संगणकाची किंमत, खरेदीची तारीख, पुरवठादार, सारे लिहिलेले सापडते. त्याचा सेल शेवटचा कधी बदलला, हे मात्र लिहायला तिथे रकानाच नसतो.

उपाय अवघड नाही. यंत्राच्या पाठीवर एक चिठ्ठी डकवावी आणि तीवर सेल बदलल्याची तारीख लिहावी. चार वर्षे झाली की सेल मरण्याची वाट न पाहता तो बदलावा. खर्च सादिल अनुदानात सहज बसतो. कामही दहा मिनिटांचे. यंत्र बंद करावे, पिन भिंतीतून काढावी, समोरचे बटण क्षणभर दाबून आतील उरलेली वीज जाऊ द्यावी, बाजूचा पत्रा काढावा, खाचेतील जुना सेल उचलावा आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा बसवावा. मग तारीख, वेळ आणि रचनेच्या नोंदी पुन्हा भराव्यात. या नोंदींचे छायाचित्र आधीच काढून ठेवले असेल तर अडत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने हे नववी-दहावीच्या मुलांसमोर केले, तर विद्युत घटाचा पाठ, स्फटिकाचा कंप आणि भागाकार अशी तीन प्रकरणे एका तासात शिकवून होतील.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. हा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजून निघू शकते. तेव्हा जुना सेल टेबलावर सोडू नये आणि तसे घडलेच तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. आणि वापरलेला सेल कचऱ्यात किंवा चुलीत जाऊ नये. बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी 2022 पासून स्वतंत्र नियम आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एक डबा ठेवून असे सेल जमविणे हे पंचायत समितीला न झेपणारे काम नव्हे.

हा विचार आज करण्याला विशेष कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी ‘विंडोज 10’ची नेहमीची देखभाल संपली आणि असंख्य जुने संगणक कागदोपत्री कालबाह्य झाले. निर्लेखनाच्या याद्या आता लांबत जातील. त्यांत खरोखर निकामी झालेली यंत्रे असतील, तशी केवळ सेल संपल्यामुळे ‘मेलेली’ म्हणून नोंदवलेलीही असतील. लिनक्ससारख्या मोफत प्रणालीवर त्यांपैकी पुष्कळ यंत्रे टंकलेखनाच्या सरावाला, वाचनाला, अर्ज भरायला आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतात. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही होण्यापूर्वी प्रत्येक यंत्रात एक नवा सेल घालून पाहावा, एवढी अट शिक्षण विभागाने घातली तरी किती यंत्रे यादीतून परत येतील याची मोजदाद होईल.

पिन भिंतीत ठेवावी की काढावी, या वादाचे उत्तर म्हणूनच सरळ आहे. रोजच्या वापरात हवी तर ठेवावी, सुटीत आणि गडगडाटात न चुकता काढावी, आणि दोन्ही प्रसंगी सेलची तारीख लक्षात ठेवावी. वीज जोडून ठेवणे ही माणसाने लक्ष देण्याऐवजी काढलेली पळवाट आहे. शिरूर कासारला ती परवडणारी नाही, कारण तेथे वीजही मोजकी आहे आणि यंत्रेही मोजकी. लक्ष देणारी माणसे मात्र तेथे कमी नाहीत. त्यांच्यापैकी एकाच्या नावापुढे हे काम लिहिले जाणे, एवढेच बाकी आहे.